शेजारची खरखर

अण्णांकडे गाणं ऐकायला गेलं की आधी गाणं नसायचंच. तबकडी पाकिटात, अण्णा जमिनीवर उकिडवे, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं आणि कान स्पीकरच्या मोठ्या लाकडी खोक्याच्या कापडाला लावलेला. आपण काही बोलायला जावं तर हात वर. चहात साखर ढवळायची चोरी! मग मान हलवत उठायचे आणि म्हणायचे, "मास्तरीणबाई, खोलीत अजून कुणीतरी आहे." कुणीतरी म्हणजे यंत्रातली भुणभुण. ती गेल्याशिवाय तबकडीवरच्या गाणाऱ्या बाईंना बोलवायचं नाही, हा नियम. "पाहुणा यायच्या आधी घर झाडतो ना आपण? तसंच हे."

मी तेव्हा रेवदंड्याच्या शाळेत शिकवत होते आणि आमचं बिऱ्हाड त्यांच्या घरासमोर होतं. अण्णांची हयात मुंबईच्या एका कचेरीत गेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चाळीतल्या खोलीत चारी बाजूंनी लोकांचे संसार ऐकू यायचे, त्यात गाणं कसलं ऐकणार? रिटायर झालो की गावी जाईन आणि निवांत ऐकेन, एवढ्या एका आशेवर त्या माणसाने तबकड्या जमवल्या. गावात वीज आली तसे ते बोटीने परतले. तबकड्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेल्या आणि कपड्यांची ट्रंक मात्र धक्क्यावरच विसरलेली.

यंत्र त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. दिव्यांसारखे लाल तापणारे काचेचे व्हॉल्व्ह, खाली तारांचं जंजाळ. भुणभुण काढायला केलेले उद्योग सांगू लागले तर हसाल. त्या व्हॉल्व्हच्या तारा त्यांनी पोरीच्या वेणीसारख्या गुंफल्या. लोखंडी ट्रान्सफॉर्मर आडवा होता तो उभा केला, मग तिरका केला, मग हातभर लांब नेला. सुईपासून येणाऱ्या नाजूक तारेला जाळीचं चिलखत चढवलं. तुपाचे रिकामे डबे कापून आत पत्र्याची खोली केली. सगळ्यांत शेवटी विहिरीजवळ खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि टोपलीभर मीठ. खणायला वाडीतला काशा होता. तो म्हणाला, "अण्णा, माडाला मीठ घालतात ठावं हाय. ह्याला कंचा माड लागनार?" अण्णा रोज सकाळी तिथे कळशीभर पाणी ओतायचे. जमीन ओली राहिली तरच ती यंत्रातला कचरा पोटात घेते म्हणे.

तारा जोडताना एकदा म्हणाले, "सगळ्यांचे पाय जमिनीला एकाच ठिकाणी टेकले पाहिजेत. दोन ठिकाणी टेकले की भांडण सुरू, आणि ते भांडण गाण्यात ऐकू येतं." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. कारण ते घरच दोन ठिकाणी टेकलेलं होतं. मधोमध चिऱ्याची भिंत. अलीकडे अण्णा, पलीकडे त्यांचे थोरले भाऊ दादा आणि दादांची बायको माई. दोघा भावांनी वर्षानुवर्षं एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता.

कारण आई. ती भर पावसाळ्यात गेली आणि दादांनी अण्णांना तार केली ती सगळं उरकल्यावर. दादांचं म्हणणं, "बोटी बंद होत्या. तो पोचलाच नसता, मग आईला ताटकळत ठेवायचं?" अण्णांचं म्हणणं, "पोचलो नसतो तर ते माझं नशीब. पण त्याने मला आईचं तोंड पाहू दिलं नाही. मी त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही." दोघांचंही खरं होतं हो. म्हणूनच ते मिटेना.

भुणभुण गेली. मग राहिली खरखर. भुणभुण कशी एकसारखी असते, पण ही मध्येच उठायची, तडतडायची, थांबायची. अण्णांनी चार दिवस कान देऊन निकाल दिला, "ही आपली नाही. ही शेजारची." दादांना जुनाट दमा होता. त्यांच्या खाटेवर छताचा पंखा बसवला होता आणि तो कमीजास्त करायचं भिंतीवरचं बटण आतून सैल झालेलं. तिथे ठिणग्या उडत. दोन्ही घरांना वीज एकाच तारेवरून आलेली, त्यामुळे ती खरखर सरळ अण्णांच्या यंत्रात यायची. तिला पत्रा अडवीना, मीठ अडवीना.

इलाज सोपा होता. बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर त्या बटणात बसवला की ठिणगी जागच्या जागी गप्प. "रोग जिथला तिथेच मारावा, आपल्या दारात आल्यावर काय मारता?" असं म्हणून अण्णांनी तो कंडेन्सर माझ्या हातावर ठेवला आणि निरोप देऊन मला पलीकडे पिटाळलं. दादा खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. बोलताना प्रत्येक शब्दाला धाप. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला सांगा, स्वतः येऊन बसव."

मी धावत परत आले. अण्णा म्हणाले, "हे बोलावणं नव्हे, हा टोमणा आहे."

"अहो, बोलावलंच की त्यांनी! आणखी काय अक्षत द्यायची तुम्हाला?" मी चिडलेच. "पन्नाशी उलटलेले बाप्ये तुम्ही, आणि एवढ्याशा वस्तूसाठी अडून बसलात!" त्यांनी कंडेन्सर डबीत टाकला आणि विषय बंद केला. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. आजही येतो.

मग त्यांनी आपल्याच बाजूला तारेची वेटोळी गुंडाळायला घेतली. वीज यंत्रात शिरण्याआधी तिला त्या वेटोळ्यांतून फिरवायची, म्हणजे खरखर वाटेत अडकेल. थोडी कमी व्हायची, जायची नाही. पण त्या रोजच्या कान लावण्यातून एक वेगळीच गोष्ट घडली. अण्णांना खरखरीवरून दादांची तब्येत कळू लागली. "आज पंखा हळू आहे, झोप लागलेली दिसते." "आज सारखा कमीजास्त करतोय, बेचैन आहे." एकदा तबकडी सुरू असताना खरखर एकदम वाढली आणि वाढलेलीच राहिली. अण्णांनी सुई उचलली. "मास्तरीणबाई, कुणाला तरी डॉक्टरांकडे धाडा. माझं नाव नको." डॉक्टर पोचले तेव्हा दादांचे ओठ निळे पडले होते. आपण बोलावण्याआधी डॉक्टर आले कसे, हे माईंना कळेना. मी सांगून टाकलं. तोंड मिटून बसणं मला कधी जमलं नाही. दादांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्या वैशाखात उकाडा जीवघेणा होता. माडाची झावळी हलत नव्हती. अण्णांनी दुपारभर खपून एक नवं, जाड वेटोळं बसवलं आणि दिवेलागणीला मला ऐकायला बोलावलं. बटण शेवटपर्यंत पिळलं, कान कापडाला लावला. मीही वाकले. काही नाही. भुणभुण नाही, खरखर नाही. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "पंखा तर चालूच असणार, असल्या उकाड्यात कोण बंद करील? म्हणजे माझ्या वेटोळ्यानेच काम केलं! जिंकलो, मास्तरीणबाई!"

त्यांनी यमन लावला. खरं सांगते, असं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. बाई श्वास घेत होत्या तोही ऐकू येत होता. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. एक बाजू संपली, त्यांनी जपून तबकडी उलटली. दुसरी बाजू संपत आली तेव्हा दारात माई उभ्या होत्या. अण्णा परतल्यापासून त्या बाजूला त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आताही उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"भाऊजी, हे गेले."

सुई शेवटच्या रेघेत नुसतीच फिरत होती.

माई रडत नव्हत्या. "दुपारपासून जीव घाबरा होता. भिंतीतून तुमचा दोघांचा आवाज ऐकला तसं म्हणाले, पंखा बंद कर. मी म्हटलं, अहो, गुदमराल. तर म्हणाले, पंख्याने अण्णाला खरखर होते, एक दिवस त्याला नीट ऐकू दे. मलाही ऐकू दे. पहिली बाजू ऐकली त्यांनी. तुम्ही तबकडी उलटलीत तेव्हा मी पंखा लावायला उठले, तर माझा हात धरला. सोडलाच नाही."

अण्णा भिंतीला धरून उठले. दारापर्यंत आले आणि तिथे थांबले. लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वहिनी, मी येऊ का?"



"आता कुणाला विचारता, भाऊजी?"