वाटणीला आलेली डिस्क

मी नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि माझा धाकटा भाऊ लातूरला टायपिंगच्या पुढं कधी गेला नाही, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. आई शेवटची तीन वर्षं त्याच्याकडं होती. तो मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढायचा. शेंगा फोडताना, औषधाला नको म्हणताना, त्याला शिव्या घालताना. मोबाइल भरला की सगळे मला पाठवायचा आणि स्वतःकडचे पुसून टाकायचा. दादाकडं हाय म्हंजे काळजी न्हाई, असं लोकांना सांगायचा.

त्या व्हिडिओंसाठी मी घरात स्टोरेजचा एक डबा बसवला. त्यात दोन डिस्क घातल्या आणि सेटिंग अशी निवडली, की एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवरही जावं. एक बिघडली तरी दुसरी शाबूत. भाऊ आला तेव्हा वर्गातल्या ढ पोराला समजावतात तसं त्याला समजावलं. त्यानं कौतुकानं ऐकून घेतलं.

मग आई गेली. अस्थी गोदावरीत सोडून आम्ही माझ्या घरी आलो. सोबत शिरूर अनंतपाळचे मामा होते. आमच्यात वाटणी मामाच्या हातूनच होते. पितळी घंगाळ भावाला, पाटल्या माझ्या बायकोला, असं चाललं होतं. मध्येच मला राहवलं नाही. म्हणालो, दवाखान्यात आणखी आधी न्यायला पाहिजे होतं.

भाऊ खाली बघत म्हणाला, "तीन वर्सांत चारदा आलास, दादा. चारीबी येळेला गाडी चालूच ठिवली होतीस."

खरंच होतं ते. पण मामांसमोर बोलला, ते मला लई झोंबलं.

मामांनी विषय बदलायला डब्याकडं बोट केलं. "ह्यात काय हाय?"

"आईचे व्हिडिओ," भाऊ म्हणाला. "दोन डिस्का हायत. दोन्हीवर सारखंच."

"मग एक तुला, एक त्याला. झालं की."

मी निमूटपणे एक डिस्क काढून त्याच्या हातात दिली. आपली जोडीदार गेली म्हणून डबा बीप बीप करायला लागला. मी तो आवाज बंद करून टाकला. अशी डिस्क दुसऱ्या नव्या डब्यात घातली की तो आधी ती पुसायची परवानगी मागतो, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

आठवड्याभरानं त्यानं लातुरात तसाच डबा घेतला आणि मला फोन लावला.

"दादा, डिस्क घातली. ह्ये समदं पुसून नवी तयार करू का म्हणून इचारायलंय. हाव म्हणू का?"

त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. आणि त्याच्या आवाजात माझ्यावरचा तो जुना विश्वास होता, त्याचाच मला राग आला.

"हाव म्हण," मी म्हणालो.

दोन दिवसांनी तो कोरी डिस्क घेऊन एस.टी.नं नांदेडला आला. माझ्या हातून चुकलं, असं तोच म्हणाला. मी दाबायचं नव्हतं, तुझ्याकडची कॉपी दे. मी चहा मागवला आणि सांगितलं, माझीही डिस्क जळाली.

त्यानं कोरी डिस्क टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता रडेल. रडला, पण माझ्यासाठी. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "मी तर तिला रोज बघितलं, दादा. तुझ्यापाशी तेवढंच होतं की रे."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. मला आई आठवावी म्हणून तो एकेक व्हिडिओ तोंडी सांगतो. कुठलं लुगडं होतं, कुणाला काय म्हणाली, कुठं हसली. मी कॉम्प्युटरवर तोच व्हिडिओ आवाज बंद करून लावतो आणि ताडून बघतो. सगळ्या व्हिडिओंत ती मोबाइल धरणाऱ्याकडं बघत असते.

अलीकडं त्याचं चुकायला लागलंय. हिरव्या लुगड्याला तो निळं म्हणतो. मी हूं म्हणतो.