जिवाणूंची हवा आणि वांग्याचं भरीत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही—आणि तिला माझ्या बनियनची भोकंसुद्धा माहीत आहेत. तुम्हाला सांगतो.

नव्वदच्या दशकात पिंप्राळ्याच्या पुढं एका कॉलनीत सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्लँट होता. मी तिथला केमिस्ट. हाताखाली कामाला कोण? जिवाणू! संप नाही, रजा नाही, फक्त हवा लागायची. हवा मिळाली की पाण्यातला फॉस्फरस गिळून पोटात साठवणार. हवा तुटली की त्याच साठ्यावर तग धरणार—आणि फॉस्फरस परत पाण्यात. प्लँटचं पाणी कॉलनीच्या तळ्यात जायचं. तिथं फॉस्फरस पोचला की शेवाळाची दिवाळी.

हे सगळं मला पाठ होतं. मग असं का केलं?

हिवाळा होता हो! आणि खानदेशात हिवाळा म्हणजे भरीत पार्टी. शनिवारी प्लँटच्या मागंच घाट घातला. बामणोदची वांगी होती, पण भाजायला आणलेल्या कपाशीच्या काट्या दमट—नुसता धूर. तेव्हा मला, मलाच, अक्कल सुचली. टाकीला हवा देणारा ब्लोअरचा पाइप सोडवला आणि विस्तवाकडं वळवला. काय जाळ झाला म्हणता! मग भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांवर असा ताव मारला, की पाइप जोडायचा राहूनच गेला. सोमवारी तो राखेत तोंड खुपसून पडलेला सापडला.

मी गुपचूप जोडला. पुढच्या आठवड्यात तळं हिरवंगार!

साहेबांनी विचारलं, इतका फॉस्फरस आला कुठून? मी म्हणालो, धुण्याच्या पावडरीत असतो. खोटं होतं का? असतोच की! पण कॉलनीत मोठं धुणं एकाच बाईचं—गेस्ट हाउसच्या चादरी धुणारी सुमनअक्का. साहेबांनी तिला कॉलनीत धुवायला बंदी केली.

ती माझ्याकडंच आली. मी शिकलेला ना! आपला पावडरीचा पुडा दाखवत म्हणाली, "भाऊ, मनी पावडर इतली जहाल शे का?"

एवढं तरी—एवढं तरी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो अक्का. जहाल आहे."

तिचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवसापासून ती ओल्या चादरींचं ओझं गिरणा नदीवरून डोक्यावर आणू लागली. वाटेत भेटली की तळ्याकडं बघून म्हणायची, "भाऊ, आते तयं साफ शे ना?" आणि मी हसून मान डोलवायचो.