उतारावरचं बर्फाचं मशीन

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन-चार मराठी घरं एका रस्त्यावर राहायला आली की ते आपोआप साठतात. आमच्या ब्रिस्टलच्या ग्रुपमध्ये आजही कोणी नुसतं "मशीन" म्हटलं, की प्रत्येक जण आपापला किस्सा काढतो आणि बाकीचे हसतात. मी पण हसते, आणि चहा ठेवायला म्हणून उठते.

मशीन म्हणजे बर्फ उडवायचं इलेक्ट्रिक मशीन. पुढे फिरणारी पाती, वर बर्फ फेकणारं नळकांडं, मागे लांबलचक केबल. ब्रिस्टलमध्ये बर्फ पडून पडून पडणार किती? वर्षातून दोन-तीन दिवस. पण आमचा रस्ता चढाचा. त्या दिवसांत एकाची गाडी हलेल तर शपथ! माझा नवरा सुधाकर आणि त्याचा मित्र अरविंद साठे, दोघं विमानांच्या फॅक्टरीत इंजिनिअर. तिथला एक जर्मन माणूस कायमचा घरी परत जाताना हे मशीन साठ्यांना देऊन गेला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा.

मी त्याच फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसमध्ये होते. दिवसभर लोकांना "हात सांभाळा" सांगायचं, हीच माझी नोकरी.

*

मशीनचं माहितीपुस्तक जर्मनमध्ये! मी चित्रं बघून मराठीत आठ सूचना लिहिल्या. अडकलेला बर्फ हाताने काढू नका, काठी घ्या. त्याआधी प्लग काढा. पायात रबरी बूट घाला. मफलर, ओढणी, पदर आत खोचा. असं सगळं. कागद साठ्यांच्या गॅरेजच्या दारावर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी बघते तर कागदावर लाल पेन! अरविंदभावजींनी माझ्या तीन चुका सुधारल्या होत्या.

"वहिनी, 'विजेची'मधला वि ऱ्हस्व हो!"

"आणि सूचना?"

"सूचना काय, उत्तमच आहेत!"

एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि मशीन सुरू केलं.

*

सुधाकरची तऱ्हा वेगळी. त्याने पहिल्याच हिवाळ्यात मशीन मागे ओढताना स्वतःचीच केबल पात्यांत घातली. फाटकन आवाज, जळका वास, आणि हा ओल्या बर्फात पायजमा आणि स्लिपर्सवर उभा!

समोर डॉक्टर कांबळे राहायच्या. आयुष्य कॅज्युअल्टीत गेलेल्या बाई, कोणाची भीड नाही. त्या ड्रेसिंग गाऊनवरच धावत आल्या. त्याची नाडी बघितली आणि मग जो काही उद्धार केला!

सुधाकर म्हणाला, "डॉक्टर, मी विमानांचं वायरिंग डिझाइन करतो!"

"असं होय? मग यापुढे मी नागपूरला बोटीने जाईन!"

सगळा रस्ता हसला. मी हसले नाही. सहा महिन्यांपूर्वी फॅक्टरीत अशाच तुटक्या केबलचा शॉक लागून एक वेल्डर गेला होता, आणि त्याच्या बायकोला फोन मीच केला होता. त्या रात्री सुधाकरला तेही सांगितलं. तो म्हणाला, "अगं, फॅक्टरीची गोष्ट वेगळी."

*

मग दुधाच्या बाटल्या. दूधवाल्याने आमच्या पायरीवर ठेवलेल्या सेमी-स्किम्ड, म्हणजे कमी सायीच्या दुधाच्या दोन बाटल्या बर्फाखाली गाडल्या गेल्या, आणि भावजींनी मशीन थेट त्यांच्यावर घातलं. काचा उडून शेजारच्या ग्लॅडिसच्या दारावर ताडताड! ती पंचाहत्तरीची म्हातारी दार उघडून शांतपणे म्हणाली, "सेमी-स्किम्ड, प्लीज. नॉट क्रश्ड."

हा आमच्या ग्रुपचा सगळ्यात लाडका किस्सा. पण तिच्या दाराला अंगठ्याएवढी काच रुतली होती, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती मी उपसून काढली. जेवताना सगळ्यांना दाखवली. कोणीतरी म्हणालं, "फ्रेम कर!"

*

आता तो दिवस. मशीनच्या हँडलवर एक दांडी असते. ती दाबून धरली तरच मशीन चालतं, सोडली की बंद. भावजींचा हात दुखायचा, म्हणून त्यांनी ती पायजम्याच्या नाडीने बांधून टाकली. मला ठाऊक नव्हतं.

रविवारची सकाळ. ते आमच्या गॅरेजमधून वीज घेऊन आमचाच ड्राइव्ह साफ करत होते. मी पोहे परतत होते. अचानक दिवा गेला, रेडिओ बंद. मी जिन्याखालच्या कपाटात गेले, ट्रिप स्विच खाली पडला होता. तो वर केला.

फक्त वर केला. खिडकीतून बाहेर बघायला चार पावलं लागली असती.

बर्फ अडकून मशीन थांबलं होतं, त्यानेच स्विच पडला होता. आणि भावजींनी हात आत घातला होता.

ओरडणं ऐकू आलं, तेव्हा माझा हात अजून स्विचवरच होता.

*

उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

हॉस्पिटलमध्ये मी सांगायला तोंड उघडलं, पण भावजी माझ्याआधी डॉक्टरांना म्हणाले, "माझीच चूक. मीच स्विच लावला आणि विसरलो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमची मीनल तेव्हा सहा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने बँडेजकडे बघून विचारलं, "काका, तुमचा बोट कुठे गेला?"

"गेला नाही, बाळा. गेलं. बोट नपुंसकलिंगी असतं!"

त्यांची बायको शैला फसकन हसली, आणि मग तिला रडू आवरेना. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकले.

सुधाकरला मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय माहीत होतं?" पण माहीत असणं हीच तर माझी नोकरी होती! दोन महिन्यांनी मी सेफ्टी ऑफिस सोडलं आणि टायपिंगला बदली मागून घेतली. साठ्यांकडे जाणं बंद केलं. शैलाचा फोन आला, की मीनलला सांगायला लावायचे, आई बाथरूममध्ये आहे.

*

पुढच्या जानेवारीत पुन्हा बर्फ पडला. सकाळी बाहेर मशीनचा आवाज सुरू झाला. सुधाकर कामावर गेला होता. मी पडदे ओढून स्वयंपाकघरात बसून राहिले. थोड्या वेळाने आवाज थांबला. मग बेल वाजली. मी उठले नाही. पुन्हा वाजली.

दार उघडलं. अरविंदभावजी. पायात रबरी बूट, डोळ्यांवर गॉगल. उजव्या ग्लोव्हची दोन बोटं दुमडून शिवून टाकलेली. मागे ड्राइव्हच्या मधोमध मशीन बंद उभं, पात्यांत बर्फ गच्च बसलेला.

"अडकलंय," ते म्हणाले.

त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्यात केबलचा प्लग. गॅरेजमधून काढून आणलेला, पिनांना बर्फ लागलेला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"मी काढतो बर्फ. तोपर्यंत हा तुम्ही धरा, वहिनी."

मी तो दोन्ही हातांनी धरला.