पडताना वजन नसतं

येळवशीला कळंबचा बाजार ओस पडतो आणि शिवारं माणसांनी भरतात. ऐन थंडीतल्या त्या अमावस्येला आमच्याकडं अख्खं घर रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा होते, मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेली आंबट अंबील. मी बारावीला होते त्या वर्षी मात्र माझं जेवणात लक्ष नव्हतं. पुढं काय शिकायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं.

थोरल्या चुलत्यांच्या मनात पक्कं होतं. पोरीनं फार्मसी करायची आणि चौकात मेडिकल टाकायचं. मला फिजिक्स शिकायचं होतं. घरात शेवटचा शब्द चुलत्यांचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, थोरल्या भावासमोर तोंड उघडत नसत. चहात साखर नसली तरी तसाच पीत.

फिजिक्सचं वेड मला अकरावीत लागलं. झाडावरची चिंच ज्या नियमानं खाली पडते, त्याच नियमानं चंद्रही पृथ्वीकडं सारखा पडत असतो; पण तो आडवाही पळत असतो, म्हणून खाली येऊन आदळत नाही, हे मी वाचलं. तोवर माझ्या डोक्यात आभाळ देवाचं आणि जमीन आपली, अशी सरळ वाटणी होती. ती एका पानानं मोडली. आपल्या चिंचेखालचा कायदा वरही चालतो म्हटल्यावर मला इतका आनंद झाला, की घरात ऐकायला कोणी नव्हतं तर मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगून आले.

जेवणं झाली तसं चुलत्यांनी विचारलं, "तुझ्या त्या फिजिक्समधी हाय तरी काय?"

"दावते की," मी म्हणाले आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीला बुडाशी बाभळीच्या काट्यानं भोक पाडलं. धार काळ्या रानावर उठून दिसावी म्हणून आत पाण्याऐवजी पांढरीशुभ्र अंबील भरली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि सांगितलं, "आता धार लागलीय. बाटली सोडली की पडता पडता थांबंल."

धार तिथंच थांबली. पिठाची गुठळी भोकात बसली होती.

"आगं, ही तर पडायच्या आधीच थांबली!" चुलते म्हणाले आणि सगळं रान हसलं. मलाही हसू आवरेना, पण डोळ्यांत पाणी होतं.

मग बाटली धुऊन पाणी भरलं. काकूंनी पूजेतलं चिमूटभर कुंकू त्यात टाकलं. चुलत बहिणीनं मोबाईल रोखून धरला. मी बाटली सोडली. स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसलं: हातात होती तोवर लाल धार वाहत होती, हात सुटला आणि धार तुटली. पाणी आणि बाटली एकाच वेगानं पडतात, म्हणून पाण्याचा भारच बाटलीवर पडत नाही, असं मी समजावलं. सगळ्यांनी तीन-चारदा पाहिलं.

"मोबाईलवर आजकाल काय बी दावता येतंय," चुलते म्हणाले आणि पान लावायला बसले. संपलं, असं मला वाटलं.

अप्पा हळूच जवळ आले. "पडताना पान्याला वजन न्हाय. मग पडत्या मानसाच्या हातातल्या धोंड्याला?"

"त्यालाबी न्हाय, अप्पा."

अप्पांनी बांधावरचा मुठीएवढा धोंडा उचलला, तळहातावर तोलून पाहिला. मग सदरा काढून आईच्या हाती दिला आणि विहिरीकडं निघाले. आई ओरडली, "आवं, थंडी किती हाय! वय काय तुमचं!" पण अप्पा काठावर पोचले होते. उघड्या पंज्यावर धोंडा, हात पुढं, आणि त्यांनी उडी टाकली.

पाण्याचा दणका ऐकून आम्ही सगळे काठावर धावलो. खाली अप्पांचं डोकं वर आलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा दहा वर्षांच्या पोराचा.

"खरंय!" ते ओरडले. "दादा, धोंडा हातावर व्हता, पन वजनच न्हाय लागलं! लहानपनी इथंच उड्या टाकताना पोटात कसंसं व्हायचं, ते ह्येच! कुनी सांगितलंच न्हाय आपल्याला!"

मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. आजवर कुठल्याही परीक्षेनं मला तेवढं सुख दिलेलं नाही.

"बरं, बरं. वर ये आता, गारठशील," चुलते वाकून म्हणाले.

अप्पांनी पायरी धरली, पण पाण्याबाहेर आले नाहीत. दात वाजत होते. भावाकडं मान वर करून म्हणाले, "दादा, पोरगी फिजिक्स शिकंल."

"आधी वर तर ये!"

"आधी व्हय म्हना."

चुलत्यांनी खांद्यावरची शाल काढली, अप्पांसाठी उलगडून धरली आणि म्हणाले, "व्हय."