सांगून येणारी डासबाई

बेटावर तिला नावाने हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, तिचा नवरा, आणि तोही कधीमधी विसरायचा. बाकी सगळ्यांची ती डासबाई. एकवीस वर्षं आरोग्य केंद्रात डासांवर पाळत ठेवायची नोकरी केल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार! खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, लांब दांड्याची पळी, झाकणाच्या काचेच्या बाटल्या आणि नोंदवही. घरोघर जायचं, पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायच्या, अळ्या दिसल्या की लिहून घ्यायचं. नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे घर तिथे पिंप, आणि पिंप तिथे डासबाई वाकलेली.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती एका घरात न सांगता शिरली होती आणि न्हाणीघरातल्या आजोबांनी तिच्यावर तांब्या भिरकावला होता. तांब्या लागला नाही, पण अद्दल घडली. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती खणखणीत आवाजात सांगायची, "उद्या येतेय गं सगळ्यांकडे!" पुढे हाताखाली जे जे तपासनीस आले त्यांनाही तिने हेच शिकवलं. लोकांच्या घरात पाऊल टाकायचं तर त्यांचा मान ठेवून टाकायचं, असं ती ठासून सांगायची, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

जुनी वस्ती हा तिचा खास भाग. तिथे तीन वर्षं महिन्यामागून महिना एकच शब्द नोंदवहीत पडत होता, निरंक. एकही अळी नाही. त्या शब्दाकडे ती असं बघायची, जसं एखादी आई पहिल्या आलेल्या लेकीच्या प्रगतिपुस्तकाकडे बघते. कुणी पाहुणा केंद्रात आला की ते पान उघडून दाखवायची. थोडी मिरवायचीच म्हणा ना.

यंदा केंद्रात नव्या मॅडम आल्या. वयाने लहान, कामाला वाघ. पावसाळ्यापूर्वी साऱ्या बेटाची योजना आखायची असं त्यांनी मनावर घेतलं. भिंतीएवढा नकाशा लावला, सगळ्यांच्या नोंदवह्या मागवल्या आणि अळ्या सापडल्या तिथे तिथे लाल टाचण्या टोचल्या. डासांची अंडी पकडायचे सापळे, म्हणजे काळ्या डब्यात पाणी आणि आत कापडाची पट्टी, सगळ्या बेटाला मिळून चाळीसच होते. ते टाचण्यांच्या दाटीत लावायचे ठरले.

"जुन्या वस्तीत एकही लागणार नाही," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "तिथले दोन तपासनीसही बोटीच्या धक्क्याकडे हलवू. शुक्रवारी बैठकीत योजनेवर सही करते."

डासबाई दोन दिवस हवेत होती.

बुधवारी दुपारी ती जुन्या वस्तीतच राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंकडे गेली. तपासणीला नाही, उसनी आणलेली कात्री परत द्यायला. जाऊबाई आत भांडी लावत होत्या. सवयीने डासबाईने मोरीशेजारच्या पिंपाचं झाकण उचललं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पाचपन्नास नाही, मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल इतक्या.

"जाऊबाई, हे काय?"

"अगं बाई, तू आज कुठे उगवलीस न सांगता!" जाऊबाई पदराला हात पुसत आल्या. "तू यायच्या दिवशी सकाळीच घासून पालथं घालते मी ते. सगळी गल्लीच घालते. घरची बाई तपासायला येणार आणि आमच्याकडे किडे सापडणार? तुझी नाचक्की होऊ देईन का मी?"

बोलण्यात इतकी माया होती की डासबाईला रागावताही येईना. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तिची फेरी महिन्यातून एकदा. म्हणजे एक दिवस पिंपं लख्ख आणि बाकीचे दिवस डासांचं राज्य. वरच्या खोलीत जाऊबाईंची सून सातव्या महिन्यात होती. दुपारची तीच डासांची चावायची वेळ, आणि खिडकी सताड उघडी.

ती पुढे आणखी सात घरांत गेली, न सांगता. आठांपैकी सहा घरांत अळ्या निघाल्या. बाटल्या संपल्या, तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या.

नवरा बोटीवर तिकिटं फाडायचा. घरी येऊन बघतो तर टेबलावर बाटल्यांची रांग आणि समोर बायको गालाला हात लावून बसलेली. सगळं ऐकून तो म्हणाला, "चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतेस? गुपचूप अळ्या मारायच्या गोळ्या टाक पिंपांत."

"आणि तपासनीस धक्क्याकडे गेल्यावर? सुनेला डेंग्यूचा ताप आला तर?"

"तो काय तुझ्यामुळे येणार आहे?"

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

त्याने बाटल्या फुटू नयेत म्हणून जुना टॉवेल काढून दिला.

शुक्रवारी मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात डासबाईने टॉवेल सोडला आणि सहा बाटल्या नकाशापुढे मांडल्या. "जुनी वस्ती," ती म्हणाली. "परवाच्या दुपारच्या."

"पण तुमच्याकडे तर निरंक आहे!"

"लिहिलं ते डोळ्यांनी बघूनच लिहिलं, मॅडम. पण मी सांगून जाते. लोक माझ्यासाठी पिंपं रिकामी करतात." तिने एक बाटली उचलून उजेडात धरली. "तीन वर्षं मी फक्त माझ्या येण्याचा दिवस तपासला."

धुरळणीच्या यंत्रावरचा माणूस, ज्याला सगळे धूरराव म्हणायचे, फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. "आणखी कोण कोण सांगून जातं?"

एक हात वर गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता अकराही तपासनिसांचे हात वर. शिकवण एकाच गुरूची. डासबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅडमची तीन आठवड्यांची मेहनत त्या भिंतीवर टांगलेली होती. त्या उठल्या आणि एकेक टाचणी उपटून डब्यात टाकू लागल्या. चेहरा असा, की कुणाला मदतीलाही पुढे जावंसं वाटेना. शेवटची टाचणी निघाल्यावर म्हणाल्या, "बारा दिवसांत सगळं बेट पुन्हा. न सांगता. सुरुवात कुठून करायची, बाई?"

"माझ्या जाऊबाईंपासून," डासबाई म्हणाली. "घरच्यांना सोडलं तर बाकीचे दारात उभं करणार नाहीत."

शनिवारी सकाळी तिला आणि आणखी एका तपासनिसाला दारात बघून जाऊबाईंचा चेहरा पडला. "आज? आणि परक्या माणसाला घेऊन?"

"आज, आणि नाव लिहिणार आहे मी. दारावर अळ्या सापडल्याचा लाल कागदही चिकटवणार आहे."

जाऊबाई बाजूला झाल्या. मोरीजवळचं पिंप, मागचा डबा, गच्चीवरचा मोडका टब. तिन्हींत अळ्या. डासबाईने घराचा क्रमांक लिहिला, पुढे स्वतःच्याच सासरचं आडनाव, पुढे तीन. अक्षर तिने बिघडू दिलं नाही. दारावर लाल कागद चिकटवताना शेजारणी गोळा झाल्या. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांत दोघी जावांत कधी अबोला झाला नव्हता. तो आता झाला, हे तिला पाठमोरी असूनही कळत होतं, आणि डोळे भरून आले होते.

ती पायरी उतरली. पुढच्या घराची कडी वाजवायला हात उचलला.

"थांब गं," मागून जाऊबाईंचा आवाज आला. रागीट, रडवेला. "अर्धवट काम करून चाललीस? माळ्यावरची टाकी राहिली. सुनेच्या खोलीवरची. तुला ठाऊक नाही ती, मी कधी दाखवलीच नाही."

डासबाई मागे वळली. जाऊबाईंनी शिडी भिंतीला टेकवून धरली होती.

"चढ," त्या म्हणाल्या. "आणि तीही लिही."