एकाच अंतरावरून

न्यूट्रिनो नावाचे कण प्रवासात रूप बदलतात. निघताना एक, पोचताना भलतंच. किती बदलले ते मोजायचं आणि त्यावरून त्यांच्या वस्तुमानांचा क्रम ओळखायचा, हे माझं काम. घोळ असा की एकाच अंतरावर मोजलं तर तेच आकडे दोन वेगळ्या उत्तरांना चपखल बसतात. खरं कुठलं हे कळायला दुसऱ्या अंतरावरूनही मोजावं लागतं. विद्यार्थ्यांना हे मी इतकं सांगितलंय की त्यांना माझा वीट आला असेल.

मुलुंडच्या घरी बाबांनाही सांगितलं होतं. बाबा मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे खरा खयचा?"

"अजून माहीत नाही."

"मग इतकी वर्सां करतस काय?"

आई गेली आणि बाबांचं जेवण सुटलं. मी संध्याकाळी कामावरून आले की त्यांना विचारायचे, "जेवलास?" ते म्हणायचे, "नको." पेज केली तर दोन घोट घ्यायचे. पँट कमरेवर राहीना, तेव्हा त्यांनी सुतळी बांधली.

बोरिवलीहून बहिणीचा फोन आला, "डॉक्टरला दाखव ना गं." मी तिला झापलं. बायको गेलीय त्यांची, म्हटलं, दुःख आहे ते, आजार नाही. त्यानंतर जे जे दिसलं ते माझ्या उत्तरात बसत गेलं, आणि बसतंय म्हणून मला ते खरंच वाटायला लागलं. असा निष्कर्ष विद्यार्थ्याने आणला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

आठ महिन्यांनी बहीण आठवडाभर राहायला आली. दुपारी बाबांसोबत घरात असणारी ती पहिलीच. तिसऱ्या दिवशी तिने मला ऑफिसात फोन केला.

"बाबांना भूक लागते का, विचारलंयस कधी?"

"अगं, जेवतच नाहीत ते."

"ते नाही विचारलं मी. आज बांगड्याचं तिखलं मागून घेतलं त्यांनी. दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी. घास उतरत नाहीये गं त्यांना."

दुःखाने जेवण सुटतं तेव्हा भूकही मरते. बाबांची भूक शाबूत होती. "जेवलास?" या प्रश्नाने ते कधीच कळलं नसतं, आणि मी रोज तेवढंच विचारत होते. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय.

"बोललास का नाहीस रे?" मी हॉस्पिटलात विचारलं. मला त्यांचाही राग आला होता.

"तुका लिवूचा होता ना," बाबा म्हणाले.

माझा शोधनिबंध त्या आठ महिन्यांतच लिहून पुरा झाला होता. तो मी त्यानंतर उघडलेला नाही.

शेवटचे तीन आठवडे मी रोज विचारलं, "भूक लागते?"

"लागता," बाबा म्हणायचे.

तोंडाने काहीही द्यायला मनाई होती.