रॅमिलच्या ओठांचा चंबू

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, एकात एक कोंबलेल्या, कुणालाच टाकवत नाहीत अशा? हाडांच्या डॉक्टरकडे किस्से तसेच साठतात. इथे आयर्लंडमधल्या नास गावात एका बास्केटबॉल क्लबचा मी फुकट डॉक्टर आहे. माझ्याकडच्या निम्म्या पिशव्या एकट्या रॅमिलच्या, आणि सांगायची परवानगी त्यानेच दिलीय.

*

रॅमिल मनिलात प्रोफेशनल बास्केटबॉल खेळायचा. बायको लिझा आयर्लंडला नर्स म्हणून आली, मागोमाग हा आणि त्यांची छोटी मुलगी मिया. क्लबने लगेच करार केला. मनिलाचा प्रोफेशनल येणार म्हणून कोच स्वतः हॉलच्या दारात उभा! रॅमिलची उंची पाच फूट आठ. कोच त्याच्या डोक्यावरून मागे बघत राहिला, खेळाडू कुठे आहे म्हणून.

रॅमिल शांतपणे म्हणाला, "एक बॅग विमानातच राहिली. उंची तिच्यात आहे."

*

पहिल्याच प्रॅक्टिसला कॅप्टन कॉनर माझ्याकडे आला, कानापर्यंत लाल.

"डॉक, युअर मॅन मला सारखी पापी देतोय."

'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी', म्हणजे रॅमिल. चौकशी केली. फिलिपिन्समध्ये दिशा बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात. चंबू करायचा आणि हनुवटी तिकडे उचलायची. रॅमिल बिचारा कॉनरला "डावीकडे पळ" सांगत होता.

"हातात बॉल असतो," रॅमिल म्हणाला. "मग दाखवू कशाने?"

*

आई कोल्हापूरहून आली होती, तेव्हा रॅमिलला जेवायला बोलावलं. त्याने आत आल्या आल्या वाकून आईचा हात स्वतःच्या कपाळाला लावला, त्यांची रीतच तशी. आई तिथेच विरघळली. जेवताना त्याने लोणच्याच्या बरणीकडे चंबू केला. आम्ही सगळे बघतोय, आणि आईने बरणी सरकवलीसुद्धा.

"तुला कसं कळलं गं?"

"त्यात काय? तुझं बाबा बी आसंच. त्वांडात पान आसलं की व्हटानंच दावायचं."

*

मियाला मात्र हे मुळीच खपत नसे. ती इथल्याच शाळेत वाढलेली, बोलणं पक्कं आयरिश. एकदा शाळेच्या दारात रॅमिलने गाडीकडे चंबू केला आणि पोरांनी आठवडाभर तिला चंबू करून दाखवले. तेव्हापासून एकच वाक्य, "डॅड, यूज युअर वर्ड्स." मॅचला तर ती कधीच येत नसे. आली आणि पोरांनी ओळखलं तर?

त्यातच रॅमिलच्या गुडघ्याचा एमआरआय आला. कूर्चा पार झिजलेली. मी म्हणालो, आता थांब.

"एक मॅच, डॉक. मी मनिलात खेळायचो तेव्हा ती पाळण्यात होती. तिने मला खेळताना बघितलंच नाही."

मला नाही म्हणता आलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधला आणि म्हणालो, "यू आर ग्रँड." या देशात ग्रँडचा अर्थ चालेल एवढाच होतो, हे त्यालाही माहीत होतं.

*

शेवटच्या मॅचला मिया आली. माझी आई तेव्हा पुन्हा आली होती, तिने मियाला हाताला धरून आणलं. एकीला मराठी, दुसरीला इंग्लिश, पण दोघींचं काही अडलं नाही. मिया सगळ्यात मागच्या रांगेत बसली, हूड डोक्यावर ओढून.

रॅमिल खेळला. तीन जण अंगावर आले, त्याने डावीकडे चंबू केला, कॉनर न विचारता डावीकडे पळाला. पास, बास्केट. अख्खा हॉल उभा राहिला. पुढच्याच उडीला गुडघा गेला. मी आणि कॉनरने त्याला धरून बाकावर आणलं. मी बर्फ लावत होतो आणि तो मागच्या रांगेकडे बघत होता.

तिथे मियाने हूड मागे टाकला होता. शेजारी समोरच्या टीमची मॅच बघायला आलेला एक मुलगा क्रिस्प्स खात बसला होता. त्याने विचारलं (हे मियानेच मला नंतर सांगितलं), "तो भारी छोटा प्लेअर गेला कुठे? आणि तुझा डॅड यातला कोणता?"

मियाचे दोन्ही हात मोकळे होते. तिने ओठांचा चंबू केला आणि हनुवटी आमच्या बाकाकडे उचलली.